दोन्ही व्हीएमचा आयपी १०.०.२.१५ आणि हजारच्या हजार पोर्ट बंद: नेटवर्क स्कॅनिंग शिकताना कुठं चुकायलंय?

परभणी_टर्मिनल

नमस्कार मंडळी. बीसीए तिसरं वर्ष, परभणी. सिक्युरिटी टेस्टिंगमध्ये जायचंय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) काली (सिक्युरिटी टेस्टिंगची टूल्स असलेलं लिनक्स) आणि मेटास्प्लॉइटेबल २ (सरावाची मशीन) टाकलंय. अडचणी अशा:

१) दोन्ही मशीनचा आयपी १०.०.२.१५ दाखवायलंय. त्यावर एनमॅप (नेटवर्क स्कॅन करायचं टूल) चालवला तर १००० पोर्ट (सेवांची क्रमांक दिलेली दारं) 'क्लोज्ड'. मेटास्प्लॉइटेबल तर मुद्दाम भोकं ठेवून बनवलेली मशीन आहे म्हणतात, मग सगळं बंद कामून?

२) स्वतःच्याच विंडोजवर स्कॅन केला तर सगळे 'फिल्टर्ड'. फायरवॉलनं अडवलं एवढं कळतं, पण 'क्लोज्ड' आणि 'फिल्टर्ड'मध्ये नेमका फरक काय?

३) कॉलेजच्या वायफायवर फक्त गेटवे दिसतो, बाकी कोणी नाही.

४) -एसएस, -एसव्ही, -ए, -टी५ यातलं कधी काय वापरायचं? व्हिडिओवाले सगळे एकदमच टाकतात.

क्लासवाले म्हणतात आधी सीईएच (एथिकल हॅकिंगचं प्रमाणपत्र) कर. संभाजीनगरला जाऊन क्लास लावावा का घरीच जमेल?

गोदाकाठ_४४३

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गमतीशीर आहे: तू कालीवरून कालीलाच स्कॅन केलंस.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीनचं नेटवर्क मुळात 'नॅट'वर असतं. या प्रकारात प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा, बंदिस्त राउटर मिळतो आणि तो राउटर पहिल्या कार्डाला १०.०.२.१५ हाच पत्ता देतो. म्हणून दोघांचा आयपी सारखा, आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत. कालीवरून १०.०.२.१५ म्हटलं की पाकीट (पॅकेट) बाहेर पडतच नाही. कालीवर कोणतीच सेवा चालू नसल्यामुळं सगळं 'क्लोज्ड'.

अशी मांडणी कर. मेटास्प्लॉइटेबलला एकच कार्ड, 'होस्ट-ओन्ली' (फक्त तुझा लॅपटॉप आणि त्यातल्या मशीन यांच्यातलं नेटवर्क). कालीला दोन कार्डं: पहिलं नॅट (अपडेटपुरतं), दुसरं होस्ट-ओन्ली. व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली नेटवर्क सहसा १९२.१६८.५६.०/२४ असतं, तुझं विंडोज १९२.१६८.५६.१ वर बसतं, डीएचसीपी सर्व्हर (आपोआप पत्ते वाटणारा) .१०० वर, आणि मशीनना .१०१ पासून पुढं पत्ते मिळतात. कालीच्या दुसऱ्या कार्डाला पत्ता आला नाही तर घाबरू नको, 'आयपी ए' लिहून ईटीएच१ उठलंय का बघ. नसेल तर वरच्या नेटवर्कच्या चिन्हातून जोड. तिथंही पत्ता येत नसेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये डीएचसीपीवरची खूण निघालेली असते.

मेटास्प्लॉइटेबल २ बद्दल तीन गोष्टी. ती उबुंटू ८.०४ वर उभी केलेली ३२ बिटची मशीन आहे, म्हणून नवीन मशीन करताना ३२ बिट लिनक्स निवड आणि झिपमधली व्हीएमडीके फाइल 'आधीची डिस्क' म्हणून जोड. बूट होताना पीएई नाही अशी तक्रार आली तर प्रोसेसरच्या टॅबमध्ये पीएई/एनएक्सवर खूण कर. आणि तिला 'ब्रिज'वर कधीच ठेवू नको. ब्रिजवर ती तुझ्या हॉटस्पॉटवरच्या किंवा होस्टेलच्या नेटवर्कवरच्या प्रत्येकाला उघडी पडते. तिच्या १५२४ पोर्टवर पासवर्ड न विचारता रूट शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळतो.

रॅमचं गणित: मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी, कालीला २ जीबी, उरलेली विंडोजला. पुरतं. मशीन गोगलगायीसारखी चालली तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचं चिन्ह आहे का बघ. असेल तर विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही (आभासी मशीन चालवायची सोय) आड आलंय. 'मेमरी इंटिग्रिटी' आणि विंडोजच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयी बंद करून रीस्टार्ट कर.

दोन्ही मशीन नीट चालल्या की लगेच स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घे. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बॅटरी संपून डिस्कची फाइल अर्धवट लिहिली गेली की परत सगळं डाउनलोड. रोजचा डेटा मोजून असेल तर हे महागात पडतं.

कॉलेजच्या वायफायवर 'क्लायंट आयसोलेशन' लावलेलं असणार. त्यात ॲक्सेस पॉइंट एका लॅपटॉपचं पाकीट दुसऱ्यापर्यंत जाऊ देत नाही. दोष तुझा नाही, पण तिथं लेखी परवानगीशिवाय परत स्कॅन करू नकोस.

वाळूज_पॅकेट

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण खरं शिकणं इथंच आहे. (आज्ञा इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरं. लहान-मोठ्या अक्षरांनी अर्थ बदलतो: -एसएसमधला पहिला एस लहान, दुसरा मोठा. -एसव्हीत व्ही मोठा.)

-एसएस स्कॅनमध्ये एनमॅप पोर्टला 'सिन' पाकीट पाठवतो. समोरून 'सिन-ॲक' आलं तर पोर्ट उघडा. एनमॅपच्या बाजूनं 'रीसेट' जातं आणि जोडणी अर्धवटच राहते. समोरून थेट 'रीसेट' आलं तर क्लोज्ड, म्हणजे मशीन आहे, उत्तर देते, पण त्या दारामागं कोणी बसलेलं नाही. काहीच आलं नाही किंवा 'पोहोचता येत नाही' असा आयसीएमपी निरोप आला तर फिल्टर्ड. क्लोज्ड हे उत्तर आहे. फिल्टर्ड म्हणजे बहुतेक वेळा उत्तराचा अभाव. म्हणूनच फिल्टर्ड पोर्टवर स्कॅन रेंगाळतो: एनमॅप वाट बघतो, परत पाठवतो, परत वाट बघतो.

हे वाचून पाठ करू नका, करून बघा. मेटास्प्लॉइटेबलमध्ये लॉगिन करा (नाव आणि पासवर्ड दोन्ही एमएसएफॲडमिन) आणि ८० नंबरच्या पोर्टवर आयपीटेबल्सचे (लिनक्सची फायरवॉल) तीन नियम आळीपाळीनं लावा:

सूडो आयपीटेबल्स -आय इनपुट -पी टीसीपी --डीपोर्ट ८० -जे ड्रॉप

मग शेवटच्या 'ड्रॉप'ऐवजी 'रिजेक्ट', आणि तिसऱ्यांदा 'रिजेक्ट --रिजेक्ट-विथ टीसीपी-रीसेट'. (-आय मोठ्या अक्षरात; प्रत्येक वेळी आधीचा नियम -डीनं काढा, नाहीतर नवा नियम वर बसतो आणि गोंधळ होतो.) दर वेळी कालीवरून -पी ८० --रीझन असा स्कॅन. ड्रॉपला 'फिल्टर्ड, नो-रिस्पॉन्स' येईल. नुसत्या रिजेक्टलाही 'फिल्टर्ड'च येईल, पण कारण 'पोर्ट-अनरीच' असेल. आणि तिसऱ्याला 'क्लोज्ड, रीसेट'. म्हणजे फायरवॉल असूनही पोर्ट 'क्लोज्ड' दिसू शकतो! शेजारच्या खिडकीत वायरशार्क (पाकिटं उघडून दाखवणारं टूल) उघडून ही पाकिटं बघितली की या विषयातला अर्धा गोंधळ मिटतो. मशीन रीस्टार्ट केली की नियम पुसले जातात.

तुमच्या विंडोजवर सगळं फिल्टर्ड येतं कारण होस्ट-ओन्ली कार्डाला विंडोज 'पब्लिक' नेटवर्क समजतं आणि अनोळखी पाकिटं गुपचूप टाकून देतं. तरी मशीन 'अप' दिसते, कारण एकाच नेटवर्कमध्ये एनमॅप एआरपीनं (आयपीवरून कार्डाचा मॅक पत्ता विचारायची पद्धत) विचारतो आणि फायरवॉल असली तरी एआरपीचं उत्तर द्यावंच लागतं. नेटवर्कबाहेरच्या मशीनला एनमॅप आयसीएमपी इको, ४४३ वर सिन, ८० वर ॲक आणि आयसीएमपी टाइमस्टँप अशी चार पाकिटं पाठवतो. चारही गिळली गेली तर 'होस्ट सीम्स डाउन'. तेव्हाच -पीएन (मशीन जिवंत आहे का न बघता थेट पोर्ट तपासणं) वापरायचं, सवय म्हणून नाही. बाहेरच्या /२४ वर -पीएन लावलं तर २५६ पत्त्यांवर, मशीन असो-नसो, पोर्ट तपासत बसतो आणि रात्र जाते.

आता क्रम. आधी -एसएन १९२.१६८.५६.०/२४, म्हणजे कोण जिवंत आहे एवढंच. मग एका मशीनवर -एसएस -एन (नावं शोधायची नाहीत) -पी- (सगळे पोर्ट) -टी४ (वेग) आणि निकाल -ओए नाव असा साठवायचा. साधी, एक्सएमएल आणि ग्रेप करता येणारी अशा तीन फाइल्स बनतात. मग सापडलेल्या पोर्टांवरच -एसव्ही (सेवा आणि तिची आवृत्ती) -एससी (एनमॅपच्या नेहमीच्या स्क्रिप्ट). सगळ्यावर एकदम -ए (आवृत्ती, स्क्रिप्ट, ओएसची ओळख, ट्रेसराउट सगळं मिळून) टाकणं म्हणजे गावात कोण राहतं हे माहीत नसताना घराघरात जाऊन सातबारा मागणं.

-पी- का? नुसता एनमॅप सर्वाधिक आढळणारे १००० टीसीपी पोर्टच बघतो. मेटास्प्लॉइटेबलवर त्यात २३ उघडे दिसतील. ६५,५३५ बघितले की ३०. राहिलेल्यांत ३६३२ (डिस्टसीसी) आणि ८७८७ (रुबीचं डीआरबी) आहेत, आणि ते दोन्ही आत शिरायचे सरळ रस्ते आहेत.

-एसव्ही का? त्याच्याशिवाय सेवेचं नाव म्हणजे पोर्ट क्रमांकावरून यादीत बघून लिहिलेलं नाव, बाकी काही नाही. १५२४ समोर 'इन्ग्रेसलॉक' येईल, २१२१ समोर 'सीसीप्रॉक्सी-एफटीपी'. -एसव्ही लावलं की कळतं पहिला उघडा रूट शेल आहे आणि दुसरा प्रोएफटीपीडी. 'टीसीपीरॅप्ड' आलं तर जोडणी पूर्ण झाली पण समोरच्यानं काही न ऐकता फोन ठेवला, एवढाच अर्थ.

-टी५ (सगळ्यात जास्त वेग) हॉटस्पॉटवर विसरा. त्यात हरवलेलं पाकीट दोनदाच परत पाठवलं जातं आणि १५ मिनिटांत मशीन सोडून दिली जाते. मोबाईल नेटवर्कवर पाकिटं हरवतातच. उघडे पोर्ट निसटतात आणि आपण 'सुरक्षित आहे' असं लिहून मोकळे होतो.

परभणी_टर्मिनल

दादा, जमलं! २३ आले, -पी- नं ३०. आयपीटेबल्सचा प्रयोग पण केला, रिजेक्टला फिल्टर्ड येतं हे बघून डोकं फिरलं. दोन गोष्टी अडल्या. -पी- सोबत -एसयू (यूडीपी स्कॅन) लावला तर तासभर झाला, अजून काही टक्क्यांवरच आहे. आणि कालीवरून एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन) केलं तर 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' म्हणतं, पोर्ट २२ तर उघडा आहे.

वाळूज_पॅकेट

यूडीपीत हस्तांदोलन नाही. उघडी सेवा ओळखीचा प्रश्न आला तरच बोलते, बंद पोर्टवरून आयसीएमपी 'पोर्ट अनरीचेबल' येतं. लिनक्स हे निरोप सेकंदाला साधारण एक एवढेच सोडतं. ६५ हजार पोर्ट भागिले तेवढा वेग: १८ तासांच्या वर. म्हणून --टॉप-पोर्ट्स २० किंवा थेट ५३, ६९, १२३, १३७, १६१ विचारा. 'ओपन|फिल्टर्ड' आलं तर उघडा आहे की गिळला हे एनमॅपला ठरवता आलं नाही. त्याच पोर्टांवर -एसव्ही लावा, उत्तर आलं तर नक्की होतं.

एसएसएच: ओपनएसएसएच ८.८ पासून (२०२१) शा-१ वरची जुनी आरएसए सही मुळात बंद असते, आणि मेटास्प्लॉइटेबल ४.७ वर आहे. -ओ होस्टकीअल्गोरिदम्स=+एसएसएच-आरएसए असं जोडून बघा. पोर्ट उघडा असणं आणि बोलणं जमणं या दोन गोष्टी आहेत, जुन्या राउटरवर हे हमखास भेटेल.

एक सावधगिरी आत्ताच: आवृत्ती बघून लगेच सीव्हीई (जाहीर झालेल्या भोकाचा क्रमांक) चिकटवू नका. डेबियन, उबुंटू, रेड हॅट जुनीच आवृत्ती ठेवून सुरक्षेची दुरुस्ती मागून बसवतात. बॅनरवर जुना अपाची दिसतो, भोक मात्र बुजवलेलं असतं. अहवालात 'आवृत्तीवरून संशय' आणि 'तपासून खात्री' असे दोन वेगळे रकाने ठेवा.

बालाघाट

वरचं सगळं बरोबर, पण कालीच पाहिजे हे मला पटत नाही. कालीची तयार इमेज तीन जीबीच्या आसपास, आत शेकडो टूल्स, त्यातली दहासुद्धा वर्षभर लागत नाहीत. डेटा मोजून असेल तर डेबियनची छोटी नेटइन्स्ट फाइल घ्या, वर एनमॅप, टीसीपीडंप, वायरशार्क, डिग, नेटकॅट. एवढ्यात सहा महिने पुरतात. फक्त तिथं सूडो विसरलात तर एनमॅप गुपचूप -एसटी करतो, म्हणजे पूर्ण जोडणी, आणि ती समोरच्या सेवेच्या लॉगमध्ये उमटते. डाउनलोड काहीही करा, शा२५६ जुळवून बघा. तुटक नेटवर उतरलेली फाइल 'बूट होत नाही' म्हणून दोन दिवस खाते.

रेकॉन (आधीची टेहळणी) म्हणजे फक्त पोर्ट नाहीत. समोरच्याला एक पाकीट न पाठवता पुष्कळ कळतं. डिगनं (डीएनएसला प्रश्न विचारायचं टूल) डोमेनच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी काढल्या की मेल कोणाकडं आहे, कोणत्या बाहेरच्या सेवा वापरतात ते दिसतं. सीआरटी.एसएच वर डोमेन टाकलं की आजवर निघालेली टीएलएस प्रमाणपत्रं दिसतात, आणि 'टेस्ट', 'ओल्ड', 'व्हीपीएन' असल्या विसरलेल्या उपडोमेनांची नावं तिथंच सापडतात. त्यातली बरीच मेलेली असतात, म्हणून आधी डिगनं आयपी मिळतो का बघायचं. शोडॅन या साईटनं जगभर आधीच केलेलं स्कॅनिंग वाचता येतं, पण ते जुनं असू शकतं. झोन ट्रान्सफरचा (डोमेनच्या सगळ्या नोंदी एकदम मागणं) सराव झोनट्रान्सफर.मी या डोमेनवर करा. ते त्यासाठीच उघडं ठेवलंय.

बाहेरचं खरं मशीन हवं असेल तर स्कॅनमी.एनमॅप.ऑर्ग. एनमॅपवाल्यांनीच परवानगी दिलीय, दिवसातून थोडे स्कॅन, पासवर्ड फोडण्याचे प्रयोग नाहीत. लिनक्स कच्चं असेल तर ओव्हरदवायरचं बँडिट (लिनक्स शिकवणारा ऑनलाइन खेळ) आधी. ते एसएसएचच्या २२२० पोर्टवर आहे, डेटा नगण्य लागतो.

आता कायदा, कारण निकालाच्या साईटवर 'सहज बघितलं' म्हणणारे दर वर्षी निघतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३: मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश, माहिती उतरवणं, व्यत्यय आणणं. तेच अप्रामाणिकपणे किंवा लबाडीनं केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७० खाली 'संरक्षित' ठरवलेल्या यंत्रणांना हात लावला तर दहा वर्षांपर्यंत. भोक सापडलं तर सर्ट-इनकडं (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवता येतं, पण कळवायची सोय आहे म्हणजे शोधत हिंडायची परवानगी आहे असं नाही.

ओळखीच्या पतसंस्थेनं किंवा दुकानदारानं 'बघ रे आमचं' म्हटलं तरी कागद घ्या. त्यात नेमके आयपी आणि डोमेन, तारखा, वेळ, काय करायचं नाही (सेवा बंद पाडणं, डेटा उतरवणं), अडचण आली तर फोन कोणाला, आणि अधिकार असलेल्याची सही. अन् इथं फसतात: साईट शेअर्ड होस्टिंगवर असेल तर सर्व्हर त्या पतसंस्थेचा नाहीच. एकाच आयपीवर शेकडो दुसऱ्यांच्या साईट असतात, मालकाची सही त्यांना लागू होत नाही. होस्टिंगवाल्याचं धोरण वाचा, नाहीतर तो भाग सोडा.

सीईएचबद्दल: नोकरीच्या जाहिरातीत नाव असतं, म्हणून काहींना उपयोग होतो, पण मूळ परीक्षा १२५ बहुपर्यायी प्रश्नांची आहे. ओएससीपी या प्रात्यक्षिक परीक्षेत २३ तास ४५ मिनिटं मशीन फोडायची आणि पुढच्या २४ तासांत अहवाल द्यायचा. आज दोन्हीला पैसे घालू नका. क्लासला जायचंच असेल तर सीसीएनएच्या (सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) पातळीचं नेटवर्किंग शिका. सबनेट तोंडपाठ नसलेला माणूस -एसएनची रेंज चुकतो आणि दुसऱ्याच्या घरात शिरतो.

ऊसवाला_आयटी

मध्येच विचारतो. साखर कारखान्यात आयटी बघतो. कोणतं यंत्र कोणत्या आयपीवर आहे याची यादी कुठंच नाही. मॅनेजमेंटची परवानगी मिळेल. हाच क्रम प्लांटच्या नेटवर्कवर चालेल का?

वाळूज_पॅकेट

ऑफिसच्या भागात चालेल. प्लांटमध्ये नाही, आणि गाळप हंगामात तर मुळीच नाही.

पीएलसीचा (प्लांटची यंत्रं चालवणारा छोटा संगणक) नेटवर्कचा भाग फार अशक्त असतो. जुन्या यंत्रांना एकाच वेळी मोजक्याच जोडण्या झेपतात. -एसव्हीनं अनोळखी भाषेतले प्रश्न पाठवले की काही हँग होतात आणि वीज काढून लावल्याशिवाय उठत नाहीत. मॉडबस टीसीपी (पोर्ट ५०२) मुळातच ओळख विचारत नाही, जो बोलेल त्याचं ऐकतं. सीमेन्सचं एस७ १०२ वर, इथरनेट/आयपी ४४८१८ वर. हे पोर्ट उघडे दिसले की हात मागं घ्यायचा.

तुमच्यासाठी रस्ता असा. स्विचमध्ये शिरून मॅक टेबल आणि एआरपी टेबल उतरवून घ्या. मॅकच्या पहिल्या तीन बाइटवरून कंपनी कळते. मग एक पोर्ट मिरर करून त्यावर लॅपटॉप लावा, वायरशार्क एक पूर्ण शिफ्ट चालू द्या. कोण कोणाशी ५०२ वर बोलतं हे आपोआप दिसतं, एकही पाकीट न पाठवता. मिरर पोर्टवर जास्त रहदारी आली की स्विच पाकिटं टाकून देतो, म्हणून सगळा स्विच एकदम मिरर न करता एकेक पोर्ट घ्या. उरलेली यंत्रं पॅनेल उघडून लेबलवरून. प्रत्यक्ष स्कॅन लागलाच तर हंगाम संपल्यावर, इन्स्ट्रुमेंट विभागाचा माणूस शेजारी उभा करून, एका वेळी एक आयपी, एक पोर्ट, --स्कॅन-डीले १ सेकंद, -एसटी.

ऑफिसात पण प्रिंटर जपा. ९१०० पोर्टवर जे येईल ते काही प्रिंटर छापत सुटतात, म्हणून एनमॅप -एसव्हीत ९१०० ते ९१०७ मुद्दाम वगळतो. --ऑलपोर्ट्स लावलं की ती सवलत जाते आणि अकाउंट्सवाले निरर्थक अक्षरांचे कागद घेऊन येतात.

परभणी_टर्मिनल

शेवटचं एक. काल -पी- ची फाइल साठवली, आज मशीन रीस्टार्ट करून परत चालवला आणि एनडिफनं (दोन स्कॅनमधला फरक दाखवणारं टूल) दोन्ही फाइल्स जुळवल्या. तीसच आहेत, पण वरचे चार पोर्ट वेगळेच आलेत. कोणी काही बदललं नाही.

गोदाकाठ_४४३

ते आरपीसीच्या (दुसऱ्या मशीनवरचं काम नेटवर्कवरून करून घ्यायची पद्धत) कुटुंबातले आहेत: माउंटडी, स्टेटस, एनलॉकमॅनेजर, आणि चौथा जावाच्या आरएमआयचा. यांना ठरलेला पोर्ट नसतो, प्रत्येक बूटला मोकळा मिळेल तो घेतात. पहिल्या तिघांचा पत्ता १११ वरचा पोर्टमॅपर सांगतो: आरपीसीइन्फो -पी आणि मशीनचा आयपी, यादी येईल. आरएमआयवाला त्या यादीत नसतो, त्याची नोंद १०९९ वर. यादीत एनएफएस (नेटवर्कवर फोल्डर वाटणारी सेवा) २०४९ वर दिसेल, तो मात्र जागा सोडत नाही. शोमाउंट -ई लावून तो काय वाटायलाय ते बघ. कालीत ही आज्ञा नसेल तर एनएफएस-कॉमन पॅकेज टाक.